सर नेटमागे काय बोलतात

एप्रिल उजाडला की शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मुलांना क्रिकेटला घालायला आलेले नवे पालक दिसू लागतात आणि त्यांची चौकशी ठरलेली असते. सर कडक आहेत का? ‘हो’ म्हटलं की काहींचा जीव भांड्यात पडतो, काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. फी, वेळ, टर्फ की मॅटिंग हे सगळं नंतर येतं. आधी सरांचा स्वभाव.

प्रशिक्षकाचं नेतृत्व म्हणजे त्याचा स्वभाव, अशी आपली घट्ट समजूत आहे. आणि स्वभावाला औषध नसतं असंही आपणच म्हणतो, म्हणजे मग त्यात शिकण्यासारखं काही उरलंच नाही. क्रीडा मानसशास्त्राने गेल्या पन्नासेक वर्षांत हा नाद सोडून दिला. सर कसे आहेत ते राहू दे, सर करतात काय ते मोजा, असं त्या मंडळींचं म्हणणं. मला हा मार्ग पटतो, कारण मोजलेली गोष्ट सुधारता येते.

सुरुवात खेळाच्या बाहेर झाली. १९३९ साली कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतल्या आयोवात दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छंदगट केले आणि त्यांना मुखवटे वगैरे बनवायला दिले. काही गटांना हुकूम सोडणारा मोठा माणूस दिला, काहींना सगळ्यांना विचारून ठरवणारा, आणि काहींना नुसता बसून राहणारा. या प्रयोगाचं सार म्हणून ‘लोकशाही चांगली, हुकूमशाही वाईट’ एवढंच सांगितलं जातं, पण खरं निरीक्षण त्याहून कामाचं आहे. हुकमी गटातली मुलं तो माणूस समोर असेपर्यंत भरपूर काम करायची. तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. विचारून चालणाऱ्या गटात तो असला-नसला तरी फारसा फरक पडत नसे. नुसत्या बसून राहणाऱ्याच्या गटात मात्र सगळा आनंदीआनंदच होता, काम असं फारसं होतच नसे.

ही चाचणी पार्कात कुठल्याही संध्याकाळी फुकटात करता येते. सरांनी न सांगता दहा मिनिटं चहाला जावं आणि परत येताना लांबून नेट बघावं. बोलर अजूनही पूर्ण रनअप घेतायत का? की दोन पावलांत हात फिरवणं सुरू झालंय? नो-बॉल कोणी पुकारतंय का? पॅड बांधून थांबलेला पुढचा मुलगा बॉल बघतोय की मोबाइल? त्या दहा मिनिटांत जे उरतं ते सरांचं नेतृत्व, बाकीचा नुसता धाक. आणि सामन्यात सर सीमारेषेबाहेरच असतात, तेव्हा त्यांच्या गैरहजेरीत काय होतं यालाच खरी किंमत.

खेळापुरता सगळ्यात उपयोगी आराखडा मात्र एका भारतीय माणसाने दिला, आणि आपल्याकडच्या प्रशिक्षकांना बहुधा त्याचं नावही ठाऊक नसतं. पॅकियानाथन चेल्लादुराई. १९७८च्या सुमारास त्यांनी कॅनडात हे काम केलं. मांडणी सोपी आहे. प्रशिक्षकाच्या वागण्याचे तीन कप्पे करायचे: परिस्थितीला हवं असलेलं वागणं, खेळाडूंना आवडणारं वागणं आणि प्रशिक्षक प्रत्यक्षात वागतो ते. हे तिन्ही जितके जुळतील तितकी कामगिरी आणि समाधान वाढतं. तीनपैकी एक सुटलं की गाडी रुळावरून घसरते, आणि ते कुठलं सुटलंय हे शोधणं हेच काम.

१९८० साली त्यांनी सालेह यांच्यासोबत या वागण्याची मोजपट्टी काढली. चाळीस विधानं, प्रत्येकासमोर ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत पाच पर्याय. ही विधानं पाच गटांत विभागलेली आहेत: प्रशिक्षण व सूचना १३, विचारून निर्णय घेणं ९, वैयक्तिक आधार ८, हुकमीपणा ५, शाबासकी ५. आकड्यांकडे जरा नीट बघा. कट्ट्यावरचं सगळं भांडण ज्यावरून होतं त्या कडकपणाच्या वाट्याला चाळीसपैकी पाच विधानं आलीत आणि शिकवण्याच्या वाट्याला तेरा. पालकांनी खरं तर विचारायला हवं, ‘सर शिकवतात का?’

वयाचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. लहानांना जास्त सांगायचं आणि मोठं झालं की मोकळं सोडायचं, असा आपला ठोकताळा असतो. चेल्लादुराई आणि कॅरन यांनी १९८३ साली शाळेच्या धाकट्या गटापासून विद्यापीठापर्यंतच्या बास्केटबॉल खेळाडूंना त्यांची पसंती विचारली. सूचना-प्रशिक्षणाची ओढ शाळेच्या वर्षांत कमी कमी होत गेली, इथवर ठोकताळा बरोबर. पण विद्यापीठाच्या पातळीवर ती पुन्हा वाढली. आणि वैयक्तिक आधाराची गरज वयाबरोबर चढतच गेली. वीस वर्षांच्या मुलाला तांत्रिक सूचना नको असतील असं धरून चालणारे सर त्याला वाऱ्यावर सोडतात. ‘आता मोठा झालास, तुझं तू बघ’ हे वाक्य ऐकायला मोकळं वाटतं, पण त्याच वयात क्लबच्या ‘अ’ संघात जागा नसते, कॉलेजची हजेरी भरत नसते आणि घरी नोकरीचा विषय निघालेला असतो.

हर्सी आणि ब्लँचर्ड यांचा पायऱ्यांचा सिद्धांत इथेच आठवतो: आधी सांगा, मग पटवा, मग सोबत ठरवा, मग सोपवा. कार्यशाळांमध्ये तो फार लाडका आहे, पण वापरताना एक गफलत हमखास होते. पायरी माणसाची नसते, कामाची असते. सतरा वर्षांच्या सलामीच्या फलंदाजाला बॅटिंग सोपवता येते. त्यालाच पहिल्यांदा कप्तान केलं तर क्षेत्ररचना मात्र ‘सांगा’च्या पायरीवरून शिकवावी लागते. ‘एवढा सीनियर आहे, कळेल त्याला’ म्हणून सोडून दिलं की पहिल्या तासात थर्डमॅनला चार चौकार जातात आणि मग सगळे त्याच्या नावाने खडे फोडतात.

आता मोजण्याबद्दल. रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७४-७५च्या मोसमात यूसीएलएच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक जॉन वुडन यांची पंधरा सराव सत्रं बसून पाहिली आणि त्यांची प्रत्येक कृती टिपली. वुडन म्हणजे बारा मोसमांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं. बघणाऱ्यांना वाटलं असेल की ओजस्वी भाषणं ऐकायला मिळणार. नोंदवलेल्या २,३२६ कृतींपैकी निम्म्याहून किंचित जास्त निघाल्या साध्या सूचना: काय कर, कसं कर. शाबासकी सात टक्क्यांच्या आतबाहेर, नुसता ओरडा साधारण तितकाच. आणखी आठ टक्के अशा, ज्यांत ओरडा आणि दुरुस्ती एका दमात यायची. भाषण नव्हतंच. करून दाखवायचे तेही बरोबर, मग चुकीचं, मग पुन्हा बरोबर असं, काही सेकंदांत उरकून. या नेमकेपणामागे रोज सकाळी सहायकांसोबत दोन तासांची आखणी असायची, छोट्या कार्डांवर मिनिटामिनिटाचा हिशेब लिहून.

हे आपल्या नेटवर आणून बघू. चौदा मुलं, दोन नेट, दीड तास. एका मुलाला बॅटिंगसाठी जेमतेम बारा-तेरा मिनिटं मिळतात. चार बोलर आलटून पालटून टाकतात, मध्ये बॉल शेजारच्या नेटमध्ये जातो, तिथून कोणीतरी तो लाथेने परत पाठवतो; एकूण चाळीस-पंचेचाळीस बॉल. या चाळीस बॉलांमध्ये सर काय बोलतात?

‘अरे, बघून खेळ.’ ‘लक्ष कुठाय?’ ‘काय करतोयस?’ ‘शाब्बास.’ ‘हां, असा.’ ‘अरे यार!’

यातल्या एकाही वाक्यात माहिती नाही. ‘बघून खेळ’ म्हणजे मुलगा डोळे मिटून खेळत होता का? आता हे बघा: ‘पुढचा पाय आडवा पडतोय, बॅटला यायला जागाच नाही. पाय बोलरकडे टाक.’ चूक काय, तिने काय होतंय, करायचं काय, हे तिन्ही त्यात आहे आणि बोलायला चार-पाच सेकंद पुरतात. आवाज चढा असो की मऊ, या वाक्याचं मोल बदलत नाही. कडक सर हे ओरडून सांगतील, प्रेमळ सर खांद्यावर हात ठेवून सांगतील, मुलाचा पाय दोघांकडेही सरळ पडेल. ‘लक्ष कुठाय’ मात्र कितीही मायेने म्हटलं तरी पोकळच.

मोजायची पद्धत सांगतो, खर्च शून्य. शर्टाच्या खिशात मोबाइल, रेकॉर्डिंग चालू. पार्कात आजूबाजूला दहा नेट ठोकत असतात म्हणून वायरवाला इयरफोन लावून त्याचा माइक कॉलरला अडकवला तर आवाज स्वच्छ येतो. सत्राची मधली तीस मिनिटं घ्यायची. सुरुवातीचा वेळ जाळ्या बांधण्यात जातो आणि शेवटी सगळ्यांना लोकल पकडायची असते. घरी कागदावर सहा रकाने पाडायचे: माहिती, शाबासकी, नुसता ओरडा, ओरडा आणि दुरुस्ती, ‘चल चल’ छापाची हाकाटी, व्यवस्था (बॉल आण, स्टंप सरळ कर). प्रत्येक वाक्याला एक रेघ, आणि रेघेशेजारी ते कोणाला उद्देशून होतं त्याचं आद्याक्षर. पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग सरळ उडवून टाका, त्या दिवशी सर स्वतःच्याच आवाजाला बुजलेले असतात. मुलांचे आवाज असतात म्हणून मोजून झालं की बाकीचीही ठेवायची नाहीत.

या कागदावर बहुतेकांना दोन धक्के बसतात. एक म्हणजे हाकाटीचा रकाना सगळ्यात लांब भरतो. दुसरा आद्याक्षरांचा. चौदा मुलांपैकी तीन-चार जणांचीच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात: जो उत्तम खेळतो, जो मस्ती करतो आणि ज्याचे वडील नेटमागे उभे असतात. मधली मुलं, म्हणजे वेळेवर येणारी, मुकाट बोलिंग टाकणारी, त्यांच्या नावावर तीस मिनिटांत एखादी रेघ. मैदानं मुंबईभर, मुलं विरार-डोंबिवलीहून किटबॅग घेऊन लोकलच्या दारात उभी राहून येणार, आणि दीड तासात सरांनी त्यांना उद्देशून एक वाक्य बोलायचं! दहावी आली की अशीच मुलं आधी गळतात. बोर्डाचं निमित्त होतं.

गळतीचा हा धागा अमेरिकेत नीट तपासला गेला आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी शाळकरी बेसबॉलच्या प्रशिक्षकांचं वागणं बारा प्रकारांत टिपण्याची पद्धत बसवली. मूल चुकलं तर प्रशिक्षक काय करतो याचेच त्यात पाच प्रकार आहेत: धीर देतो, दुरुस्ती सांगतो, शिक्षा करतो, अपमान करत दुरुस्ती सांगतो किंवा दुर्लक्ष करतो. मग त्यांनी काही प्रशिक्षकांना मोसमापूर्वी एक छोटी कार्यशाळा दिली. प्रयत्नालाही दाद द्या, चुकीनंतर धीर आणि दुरुस्ती एकत्र द्या, शिक्षा बंद, बस एवढंच. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुढच्या मोसमात कोण परत आलं ते पाहिलं. कार्यशाळा न घेतलेल्यांच्या संघांतली २६ टक्के मुलं खेळ सोडून गेली होती, घेतलेल्यांच्या संघांतली ५ टक्के. दोन्ही बाजूंच्या हार-जितीत फरक नव्हता, म्हणजे जिंकण्यामुळे मुलं टिकली असंही म्हणता येत नाही.

याच मंडळींचं जुनं एक निरीक्षण मला त्याहून झोंबरं वाटतं. प्रशिक्षकांना स्वतःच्या वागण्याबद्दल विचारलं तेव्हा त्यांची उत्तरं प्रत्यक्ष नोंदींशी फारशी जुळली नाहीत. आपण शिक्षा किती करतो एवढंच त्यांना बऱ्यापैकी ठाऊक होतं. मुलांची उत्तरं नोंदींच्या जास्त जवळ होती. तेव्हा एखादे सर ‘मी सगळ्यांकडे सारखं बघतो’ म्हणाले की ते खोटं बोलत नसतात, त्यांना दिसत नसतं.

मोजणाऱ्यांचा पुढचा खड्डाही सांगून ठेवतो. माहितीची वाक्यं कमी आहेत हे कळलं की सर प्रत्येक बॉलनंतर माहिती द्यायला लागतात. मुलगा बॉल खेळतो आणि मान वळवून सरांकडे बघतो. हे वळणं दिसलं की समजायचं, डोस जास्त झाला. सतत मिळणाऱ्या सूचनेवर माणूस विसंबतो आणि ती काढून घेतली की कोसळतो, हे हालचालींच्या अभ्यासात पक्कं झालेलं आहे. उपाय म्हणजे एका फेरीत एकच गोष्ट ठरवायची, समजा पुढच्या पायाची, आणि तीही मर्यादेबाहेर गेली तरच बोलायचं. पाय थोडा आडवा पडला तर गप्प. पार ऑफ स्टंपच्या बाहेर गेला तर बोला. त्याच वेळी बॅकलिफ्ट वाकडी दिसेल, ग्रिप वर सरकलेली दिसेल. जीभ चावायची. शिवाय शरीराच्या भागाबद्दल बोलण्यापेक्षा बाहेरच्या खुणेबद्दल बोललेलं जास्त लागू पडतं, हे गॅब्रिएले वुल्फ यांच्या प्रयोगांतून वारंवार दिसलंय. ‘कोपर वर ठेव’पेक्षा ‘बोलरच्या उजव्या हाताला ठेवलेल्या त्या कोनवर मार’ हे बरं. कोपर आपोआप जागेवर येतं.

खूण ठेवून गप्प बसण्याच्या या कलेचं मुंबईतलं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रमाकांत आचरेकरांचं नाणं. स्टंपवर एक रुपया. सचिनला जो बाद करेल त्याचा. कोणीच करू शकलं नाही तर सचिनचा. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली हे सगळ्यांना ठाऊक आहे. गोष्ट म्हणून ती इतकी गोड आहे की तिच्यातली कारागिरी दिसत नाही. संध्याकाळ झालेली, मुलगा दमलेला, अशा वेळी सरावाचा दर्जा घसरतो. नेमक्या त्या वेळी बाद होण्याला किंमत आली. बोलर कंटाळलेले असतात, त्यांनाही जोर आला. क्षेत्ररक्षक सावध झाले. सरांना एक शब्द बोलावा लागला नाही. शिवाय त्यांनी त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेलं, म्हणजे नेटच्या जोडीला खऱ्या परिस्थितीतल्या खेळी वाढवल्या.

आचरेकर स्तुतीला कंजूस होते, ‘वेल प्लेड’ त्यांच्या तोंडून निघत नसे, हे सचिननेच सांगितलंय. सराव सामना सोडून दुसऱ्यांचा सामना बघायला गेल्यावर बसलेली थप्पडही त्यानेच जगाला सांगितली. पुढच्या पिढीतल्या कित्येक सरांनी यातलं काय उचललं? कंजुषी आणि थप्पड. ती फुकट मिळते. नाणं, स्कूटर, प्रत्येक मुलासाठी सामना ठरवून ठेवण्याची यातायात, यातलं काही उचलायचं तर संध्याकाळ खर्ची घालावी लागते. थप्पडेबद्दल आज चर्चेलाही जागा नाही. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने बंदी आहे, आणि ‘आमच्या वेळी’ हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही.

या एकाच गुरूच्या तालमीतून दोन अगदी वेगळे प्रशिक्षक निघाले, आणि जून २०२२ मध्ये बंगळुरूला रणजीच्या अंतिम सामन्यात ते समोरासमोर आले. मध्य प्रदेशकडे चंद्रकांत पंडित, मुंबईकडे अमोल मुजुमदार. पंडितांच्या कडकपणाच्या कथा सर्वश्रुत आहेत. त्यांनी विदर्भाला २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळवून दिली होती; त्याआधी विदर्भाने रणजी एकदाही जिंकली नव्हती. मध्य प्रदेशनेही त्या सामन्यात मुंबईला हरवून पहिल्यांदाच करंडक उचलला. पुढे पंडित आयपीएलच्या कोलकाता संघाचे प्रशिक्षक झाले. तिथल्या एका परदेशी खेळाडूने नंतर त्यांच्या पद्धतीबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवली, आणि २०२४ साली त्याच संघाने स्पर्धाही जिंकली.

कट्ट्यावर यावरून ‘बघा, कडकपणाच लागतो’ आणि ‘बघा, हल्ली तो चालत नाही’ अशा दोन्ही बाजू तावातावाने मांडता येतात. चेल्लादुराईंचे कप्पे काढले की भांडण मिटतं. कधीच न जिंकलेला प्रांतिक संघ, महिनोन्‌महिने एकत्र राहणारी मुलं, ‘आम्हाला जिंकायला शिकवा’ ही भूक: इथे शिस्तीची मागणी परिस्थितीचीही होती आणि खेळाडूंचीही. दोन महिन्यांसाठी देशोदेशीहून येणारा, स्वतःचा व्यायाम, आहार, सराव ठरवून आलेला व्यावसायिक हा निराळा प्राणी. माणूस तोच, वागणं तेच. पसंतीचा कप्पा बदलला. (परिवर्तनवादी नेतृत्व, दूरदृष्टी, प्रेरणा ही १९८५नंतरची बर्नार्ड बास यांची परिभाषा मी इथे मुद्दाम आणत नाही. भिंतीवरच्या पोस्टरवर ती छान दिसते, नेटमध्ये तिचं काय करायचं ते कोणी सांगत नाही.)

आतापर्यंत सगळं सरांबद्दल झालं, पण मैदानात सर नसतातच. मग कप्तान? फ्रान्सेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये नऊ सांघिक खेळांतल्या चार हजारांवर खेळाडू-प्रशिक्षकांना विचारलं, संघात डावपेचांचा नेता कोण, जोश आणणारा कोण, मैदानाबाहेर सगळ्यांना बांधून ठेवणारा कोण आणि बाहेरच्यांशी बोलणारा कोण. सुमारे ४४ टक्के लोकांच्या मते कप्तान यांपैकी एकाही बाबतीत पहिल्या क्रमांकाचा नेता नव्हता.

लालबाग-परळच्या कबड्डीवाल्यांना याचं नवल वाटणार नाही, कारण त्यांच्या खेळात नियमच कप्तानाला गप्प बसवतो. कप्तान चढाईपटू असेल तर चढाईत तो पलीकडे एकटा असतो, आणि बाद झाला की सरळ बाहेर जाऊन बसतो. आत तिघं उरले आहेत, समोरच्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेल्यात, आता तिसरी, करो या मरो, म्हणजे गुण नाही मिळाला तर चढाईपटूच बाद. पकड झाली तर सुपर टॅकल, दोन गुण. पकडायला जाऊन फसली तर लोण, म्हणजे अख्खा संघ बाद होणं, तोंडावर. धावायचं की तीस सेकंद अंग चोरायचं, हे कोण ठरवणार? बाहेर बसलेला कप्तान ओरडेल, पण प्रेक्षकांच्या गलक्यात ते ऐकू जाणार नाही, आणि गेलं तरी उशीर झालेला असेल. म्हणून सरावातच ठरवून ठेवतात: उजवा कोपरा आत असेल तर शब्द त्याचा, तो बाद असेल तर डाव्याचा, दोघंही नसतील तर कव्हरचा. शब्दही एकच असतो, चढाईपटूला न कळणारा. मग सरावात कप्तानाला मुद्दाम बाद ठरवून बाहेर बसवायचं आणि तिघांवर पाच-सहा चढाया घ्यायच्या. पहिल्या दोन-तीनमध्ये हमखास दोघं एकदम बोलतात किंवा कोणीच बोलत नाही. तो गोंधळ सरांनी मध्ये पडून सोडवला की सराव वाया गेला.

क्रिकेटमध्ये ही उणीव झाकली जाते, कारण कप्तान दिवसभर मैदानावरच असतो. १९४८ पासून चालत आलेली पावसाळ्यातली कांगा लीग म्हणूनच मोलाची आहे. ओली खेळपट्टी दर अर्ध्या तासाला रंग बदलते आणि सीमारेषेवरून पाठवलेला निरोप पोचेपर्यंत शिळा होतो. ज्याला चेंडू हातात घेऊन कळतंय, त्यानेच बोलायचं.

मुजुमदार ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. शालेय सामन्यातल्या सचिन-कांबळीच्या ६६४च्या भागीदारीत पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा, अकरा हजारांवर प्रथम श्रेणी धावा करून भारताकडून एकदाही न खेळलेला फलंदाज. त्यांच्याविषयी लिहिताना सगळे या करुण भागात रमतात. मला २०२५च्या विश्वचषकातले त्यांचे निर्णय जास्त बोलके वाटतात. दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे तीन सामने लागोपाठ हरले. इंग्लंडविरुद्ध सहावी बोलर हवी म्हणून जेमिमा रॉड्रिग्जला वगळलं होतं. पुढच्याच सामन्यात, न्यूझीलंडविरुद्ध, तिला परत घेतलं आणि तेही तिसऱ्या क्रमांकावर, नाबाद ७६. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना पुन्हा तिसरी, नाबाद १२७. स्वतःचा निर्णय एका सामन्यात फिरवणं कप्तानाला आणि प्रशिक्षकाला सोपं नसतं, ‘धोरणात सातत्य नाही’ अशी बोंब ठोकायला लोक टपलेले असतात. त्या खेळीनंतर जेमिमा आपल्या अस्वस्थतेबद्दल, रडण्याबद्दल आणि सांभाळून घेणाऱ्या मैत्रिणींबद्दल मोकळेपणाने बोलली. वैयक्तिक आधाराची ती आठ विधानं म्हणजे हेच. तो सगळा प्रशिक्षकानेच द्यायला हवा असं कुठेही लिहिलेलं नाही, संघात तो मिळेल एवढं बघायला हवं.

वगळणं हाच खरं तर नेतृत्वाचा सगळ्यात अवघड भाग, आणि नेमका तोच आपण व्हॉट्सॲपवर उरकतो. रात्री साडेदहाला ग्रुपवर पंधरा नावांची यादी पडते, सोळावा मुलगा ती तीनदा वर-खाली करून बघतो, आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. याला खरं तर दोन मिनिटं लागतात. यादी पडण्याआधी, समोरासमोर, बाकीच्या मुलांपासून दहा पावलं लांब.

‘उद्याच्या पंधरात तू नाहीयेस.’ हे पहिलं वाक्य. आधी कौतुकाची प्रस्तावना केली तर पोराला वाटतं आपली निवड झालीय, आणि मग घाव दुप्पट लागतो. त्यानंतर डोळ्यांना दिसेल असं एकच कारण: ‘ऑफस्पिनला तू क्रीजमध्ये अडकून खेळतोयस, तीनपैकी दोनदा तसाच पायचीत झालास.’ ‘ॲटिट्यूड’, ‘मॅच्युरिटी’ असल्या शब्दांवर मुलाला काही करता येत नाही. मग काम, आकड्यासकट: ‘रोज चाळीस बॉल, फक्त ऑफस्पिन, एकतर पुढे पूर्ण जायचं नाहीतर पूर्ण मागे.’ मग तारीख: ‘पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी, मी स्वतः बघेन.’ शेवटी त्याला बोलू द्यायचं. तो बहुधा काही बोलणार नाही, तरी अर्धं मिनिट थांबायचं. ‘पुढच्या वेळी नक्की घेतो’ हे चुकूनही म्हणायचं नाही, कारण पुढच्या वेळी कोण खेळतंय ते सरांच्याही हातात नसतं. आणि तो शनिवार मोबाइलमध्ये तिथल्या तिथे टाकून ठेवायचा. मुलगा चाळीस बॉल खेळून आला आणि सर विसरले, तर पुढची दोन वर्षं त्याला काहीही सांगितलं तरी ते या कानातून त्या कानात जाणार.

पालकांचा फोन त्या रात्री येणारच. उचलायचा. मुलाला जे कारण, जो आकडा, जी तारीख सांगितली तीच त्यांनाही सांगायची, त्यात तिखट-मीठ घालायचं नाही आणि समजूत काढण्यासाठी वेगळं कारणही द्यायचं नाही, कारण फोन ठेवल्या ठेवल्या दोघं ते ताडून बघतात.